एकतीस किलोमीटरची सरळ रेघ

खडकांचा नवा नकाशा आमच्या भूजल खात्याच्या सभागृहाच्या भिंतीवर टांगला गेला तेव्हा सर्वांत आधी ती रेघ दिसली. पूर्वेकडून पश्चिमेकडे एकतीस किलोमीटर, कुठेही न वाकलेली, न थबकलेली. तिच्या वर फिकट जांभळा रंग आणि खाली विटकरी. साहेब हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहिले. आपल्या पोटच्या पोराकडे माणूस इतक्या कौतुकाने पाहत नसेल.

"निसर्ग उगाच सरळ रेघ मारत नाही," ते म्हणाले. "हा भ्रंश आहे."

जमिनीला खोलवर गेलेली चीर आणि तिच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांपासून सरकलेले खडक, याला आमच्या शास्त्रात भ्रंश म्हणतात. अशा चिरेत खडकाचा भुगा होतो, भुग्याची चिकणमाती होते, आणि त्या मातीच्या पडद्यापाशी भूजलाची वाट बंद पडते. साहेबांच्या त्या एका वाक्यासरशी आमच्या प्रदेशाखालचा पाणी धरणारा अखंड थर दोन तुकड्यांत विभागला गेला. आता उत्तरेचे पाणी उत्तरेचे होते आणि दक्षिणेचे दक्षिणेचे.

ती रेघ आमच्या खात्याच्या दोन नकाशा-पत्रकांच्या कडेशी केसाचाही फरक न पडता जुळत होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फाडताना निसर्गाने आमच्या पत्रकांची कड सांभाळली होती, हे त्याचे सौजन्यच म्हणायचे. सभागृहात बसलेल्या चौदा भूशास्त्रज्ञांपैकी एकालाही या सौजन्याचे नवल वाटले नाही. मला वाटले, पण मी बोललो नाही. मी सहसा बोलत नाही. चार माणसांसमोर माझा आवाज घशातल्या घशात वितळतो, आणि मग बोलायची वाक्ये मी घरी जाऊन सुंदर अक्षरात लिहितो. अशा वाक्यांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. त्यांनी आजवर कुणाचेही भले केलेले नाही.

या वेळी मात्र गप्प राहणे महाग पडणार होते. रेघेच्या उत्तरेला बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याने बारा खोल बोअरची परवानगी मागितली होती. रेघेच्या दक्षिणेला, कारखान्याच्या कुंपणापासून नऊशे मीटरवर, माझ्या ताईची लाँड्री होती आणि लाँड्रीच्या मागे तिची विहीर. भ्रंश खरा ठरला तर उत्तरेच्या उपशाचा दक्षिणेला त्रास नाही, असे आपोआप सिद्ध होत होते आणि परवानगी मिळत होती. तो खोटा असेल, तर दोन-तीन वर्षांत ताईची विहीर तळ दाखवणार होती. नकाशाच्या कोपऱ्यात 'क्षेत्रतपासणी' असा एक चौकोन असतो. या नकाशावर त्या चौकोनात माझी सही हवी होती.

मी ती रेघ पायी चाललो. चार दिवस लागले. कुठे भुगा नाही, कुठे घासटलेला खडक नाही. एका ठिकाणी नव्या रस्त्यासाठी टेकाड कापले होते, नेमके रेघेवर. त्या कापात वाळूच्या खडकाचे थर एकावर एक, घडी घातलेल्या चादरींसारखे, उत्तरेकडून दक्षिणेकडे निवांत निघून गेले होते. मी तिथे तासभर बसलो. त्या थरांत एका विसरलेल्या नदीचा संथपणा होता. आपल्या अंगावरून एक सीमा गेली आहे याची त्यांना वार्ताही नव्हती.

मग मी उपसा चाचणी लावली. कारखान्याने चाचणीपुरत्या घेतलेल्या पहिल्या बोअरमधून सलग तीन दिवस पाणी उपसायचे आणि ताईच्या विहिरीतली पातळी दर तासाला मोजायची. विहीर शांत राहावी म्हणून ताईने तीन दिवस लाँड्री बंद ठेवली. इस्पितळाच्या चादरींचे गठ्ठे दारात थिजून पडले. मी पोलादी टेपला खडू लावून विहिरीत सोडत होतो. टेप वर आली की खडू जिथवर भिजलेला तिथवर पाणी. ताई पायरीवर बसून माझी गंमत पाहत होती.

"काय म्हणतंय पाणी?"

"उतरतंय."

"किती?"

"अकरा सेंटिमीटर."

"आणि तिकडचा पंप बंद केल्यावर?"

"चढेल. मग कळेल की दोन्हीकडचं पाणी एकच आहे."

"एकच आहे, त्यात कळायचंय काय?" ती म्हणाली. "कारखान्याच्या जागी आधी माझ्या नणंदेचा मळा होता. दोन्हीकडच्या पाण्याला साबण सारखा फेसाळतो. वीस वर्षं हात घातलेत मी त्यात. पण माझे हात कुठे तुमच्या नकाशात छापतात! मौनीबाबा, हे तुझ्या साहेबाला तोंडाने सांगशील ना? की पुन्हा वही काढशील?"

पंप थांबल्यावर पाणी चढले. मी आलेख काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. तोंडाने काहीच सांगितले नाही.

"अकरा सेंटिमीटर?" साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "अहो, हवेच्या दाबानेसुद्धा विहिरीची पातळी हलते."

हवेच्या दाबाचा हिशेब मी आधीच वजा केला होता. तो तिसऱ्या पानावर होता. साहेब पहिल्याच पानावर होते.

"आणि रस्त्याच्या कापात थर सलग दिसतात म्हणता? मग भ्रंश त्याच्याखाली झाकलेला असणार. जे दिसतं ते कुणीही सांगेल. न दिसणारं सांगायला शास्त्र लागतं."

या न्यायाने साहेबांचे शास्त्र अफाट होते. पुढल्या महिन्यात ते या भ्रंशावर परिषदेत निबंध वाचणार होते आणि निबंधाचे शीर्षकही ठरले होते. एवढे सगळे ठरलेले असताना जमिनीने ऐनवेळी माघार घेणे बरे दिसले नसते.

मी सही केली नाही. नाही म्हणालो असेही नाही. पेनाची शाई संपली, मान दुखते, मूळ पत्रके एकदा पाहून घेतो, अशी भेकड कारणे देत मी आठवडा काढला. त्यातले शेवटचे कारण नाइलाजाने खरे करावे लागले.

खात्याच्या तळघरात जुन्या सर्वेक्षकांची फील्डबुके आहेत. उत्तरेचे पत्रक चाळीस वर्षांपूर्वी एकाने केले होते, दक्षिणेचे दुसऱ्याने. खात्यात त्यांना छिन्नी आणि हातोडा म्हणत, कारण ते सदैव एकत्र पाठवले जात आणि त्यांची गाठ पडली की ठिणगी उडे. छिन्नीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. हातोडा निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. छिन्नीने आपल्या खडकाला 'लोहयुक्त वालुकाश्म' म्हटले होते आणि हातोड्याने आपल्या खडकाला 'तांबूस वालुकाश्म'. संगणकाने दोन नावांना दोन रंग दिले होते. संगणकाला भांडणे कळत नाहीत, आणि आमच्या साहेबांना भांडणाखेरीज सगळे कळते.

हातोड्याच्या वहीत पत्रकाच्या कडेवरच्या पहिल्या दिवसाची नोंद होती. तिथे त्याने आधी 'लोहयुक्त' असेच लिहिले होते. नंतर ते खोडले होते. इतक्या त्वेषाने, की कागद फाटून खालच्या पानावरही ओरखडा उमटला होता. वर लिहिले होते, 'तांबूस'. साहेबांच्या भ्रंशाची खोली मला त्या दिवशी अचूक मोजता आली. ती दोन पाने होती.

पण खोडलेला शब्द पुरावा होत नाही. लिहिणाऱ्याने स्वतः सांगावे लागते. मी हातोड्याच्या घरी गेलो.

घर छोटे होते आणि प्रत्येक खिडकीत दगड होते. काकूंनी चहा दिला आणि कपासाठी जागा करायला एक स्फटिक बाजूला सरकवला. हातोडा ऐंशीच्या पुढचा, पाठ ताठ, भुवया झुडपासारख्या. मी उघडी वही त्याच्यापुढे ठेवली आणि कसेबसे विचारले, "काका, दोन्हीकडचा दगड एकच आहे ना?"

"कोण म्हणतं?"

"हा खोडलेला शब्द..."

"खोडला म्हणजे चुकला होता. माझा दगड तांबूस आहे."

"त्यांचाही तांबूसच आहे, काका. लोखंडामुळेच तर रंग येतो."

"मग त्याने तांबूस का नाही लिहिलं?" त्याने कप आपटला. "मोठा रसायनवाला! दगड बघायच्या आधी त्याच्यात काय मिसळलंय ते सांगायची खोड. आणि मी त्याचा शब्द उचलू?"

"अहो, किती वर्षं झाली त्याला," काकू आतून म्हणाल्या. "एका तंबूत राहायचे दोघं, अन् मीठ हवं असलं तर चिठ्ठी लिहायचे. मी वाचल्यात त्या चिठ्ठ्या."

"तू मध्ये बोलू नकोस. अरे पोरा, तो मेला म्हणून आता त्याला बरोबर ठरवायचं? लेखी? मी? चहा पी आणि नीघ."

मी चहा प्यायलो आणि निघालो. ताईला सारी हकीकत सांगितली तेव्हा ती इस्त्री करत होती. वाफेआडून तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"म्हणजे दोन म्हाताऱ्यांनी रुसून दगडाला दोन नावं ठेवली, आणि म्हणून माझी विहीर जाणार?"

"हो."

"आणि हे ठाऊक असलेला माणूस कोण? तर तू."

"हो."

"वा! मग झालंच की," ती म्हणाली आणि चादरीचे टोक असे काही पिरगळले, जणू तो माझा कानच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशाचा अर्ज भरायला मला बोलावले. त्यात 'भ्रंशाचे नाव' असा एक रकाना होता. साहेब बराच वेळ त्या रकान्याकडे लाजत पाहत राहिले. त्यांच्या मनातले नाव खोलीतल्या शिपायालाही कळले असते. दुर्दैवाने नियम असा होता, की भूरचनेला हयात व्यक्तीचे नाव देता येत नाही. त्या नियमापायी मरायची त्यांची तयारी दिसली नाही.

मग मी आयुष्यातले एकमेव कारस्थान केले. तेही न बोलता. एका चिठ्ठीवर लिहिले, 'उत्तर पत्रकाच्या दिवंगत सर्वेक्षकांचे आडनाव द्यावे. खात्याची कृतज्ञता दिसेल.'

"छान," साहेब उदासपणे म्हणाले. "मेलेल्याची स्पर्धा तरी नसते."

नकाशाचा मसुदा छापला की त्याची एक प्रत मूळ सर्वेक्षकांना पाठवायची, अशी खात्याची जुनी रीत आहे. दोघांपैकी एकच सर्वेक्षक उरला होता. प्रत घेऊन मी स्वतः गेलो. हातोड्याने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि भिंग घेऊन वाकला. भिंग रेघेवरून डावीकडून उजवीकडे सरकत गेले आणि नावापाशी थांबले. मी काकूंकडे पाहिले. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"ही रेघ," हातोडा फार हळू आवाजात म्हणाला, "ही रेघ माझी आहे."

"हो काका."

"माझ्या वहीतून निघालीय ती. मी खोडलं म्हणून ती आहे. मी नसतो तर होती का ही रेघ?"

"नसती."

"आणि नाव त्याचं?"

"नियमाप्रमाणे हयात माणसाचं..."

"खड्ड्यात गेला नियम! जन्मभर माझ्या डोक्यावर बसला, आता माझ्या रेघेवर बसतोय? माझी काठी कुठंय? अगं, माझे बूट काढ!"

तो माझ्याबरोबरच खात्यात आला. सभागृहात साहेब निबंधाची तालीम करत होते आणि चौदाजण ऐकण्याची. हातोडा काठी आपटत थेट भिंतीपाशी गेला आणि काठीचे टोक त्याने नकाशावर टेकवले.

"इथे भ्रंश-बिंश काही नाही."

"आपण बसा ना," साहेब म्हणाले. "आपला आम्हाला फार आदर..."

"आदर गुंडाळून ठेव. दोन्हीकडे एकच दगड आहे. मी मुद्दाम वेगळं नाव दिलं. त्याचा शब्द मला वापरायचा नव्हता. कळलं? चाळीस वर्षांत तुमच्यापैकी एकानेही तिथे जाऊन दोन दगड हातात धरले नाहीत?"

एकाने धरले होते. तो दाराशी उभा होता आणि या क्षणीही गप्प होता.

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली आणला, आणि मग त्यांच्या मुद्रेवर पहाट झाली.

"मला ही शंका होतीच," ते म्हणाले. "सरळ रेघ निसर्गात येतेच कुठून?"

चौदा माना हलल्या. निबंधाचे शीर्षक संध्याकाळपर्यंत बदलले. पत्रकांच्या कडेवरून उद्भवणाऱ्या भ्रामक भ्रंशांवर आता साहेब बोलणार होते.

हातोड्याने जबानी लिहून दिली, पण एका अटीवर. सगळा खडक, उत्तर आणि दक्षिण, एकाच नावाने छापायचा: तांबूस. छिन्नीचे पत्रक आधीचे होते. शब्दावर हक्क त्याचा होता. पण छिन्नीच्या बाजूने बोलायला तिथे कुणी नव्हते, आणि मला ताईची विहीर दिसत होती. दुरुस्ती माझ्याच हाताने झाली. जांभळा रंग गेला, 'लोहयुक्त' गेला. एका मृत माणसाची तीन वर्षांची पायपीट मी चार कळा दाबून पुसली. मग क्षेत्रतपासणीच्या चौकोनात सही केली. या वेळी पेनात शाई होती. बारा बोअरचा अर्ज नव्या चाचणीसाठी परत गेला, आणि थर सलग असला की दुसऱ्याच्या विहिरीपासून किलोमीटरभराच्या आत खोल बोअर घेता येत नाही, या नियमात नऊशे मीटरवरची ताईची विहीर आड येत होती.

"तू बोललास?" ताईने विचारले.

"नाही. भांडण बोललं."

"तेच म्हटलं, तू कसला बोलतोयस," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने माझा सदरा न मागता धुऊन दिला.

फील्डबुके तळघरात परत ठेवायला गेलो तेव्हा मी छिन्नीची वही पहिल्यांदा उघडली. आधी का नाही उघडली? मी जिवंत माणसाच्या कबुलीमागे लागलो होतो. मेलेला काही सांगू शकेल हे मला सुचले नाही. पाण्याचा माग काढणाऱ्या माणसाने जवळची विहीर सोडून लांबच्या ओढ्याला जावे, तशी ही हुशारी. त्याच्या वहीत कडेवरच्या शेवटच्या दिवशी, बारीक, नीट अक्षरात लिहिले होते: 'आज कडेपलीकडे दोन किलोमीटर चालून आलो. तिकडेही हाच दगड. थर सलग. त्याला सांगायला हवे.' खाली तारीख आणि सही.

एवढे वाक्य पुरले असते. कारस्थान नको होते, काठी नको होती, तो शब्दही पुसावा लागला नसता. सुंदर अक्षरात लिहून ठेवणारा आणि न सांगणारा आणखी एक माणूस या खात्यात होऊन गेला होता, आणि त्याचे नाव मी नकाशावरून काढले होते.

मी वही घेऊन वर गेलो. साहेबांच्या दारावर टकटक केली आणि चिठ्ठी न लिहिता, वही न उघडता, तोंडाने म्हणालो, "साहेब, तो शब्द परत घालायला हवा. त्यांचा शब्द आधीचा आहे. आणि त्यांना माहीत होतं."

माझा आवाज ऐकून साहेब दचकले. बहुधा त्यांनी तो पूर्वी ऐकला नव्हता.

"अहो, नकाशा छापून झाला," ते म्हणाले. "आणि शब्द कुठला का असेना, पाण्याला काय फरक पडतो?"

माझ्या नोकरीच्या सात वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच भूजलाविषयी बरोबर बोलला होता. मी वही छातीशी धरून बाहेर आलो.

महिन्याच्या पहिल्या तारखेला निरीक्षण विहिरींची मोजणी असते. ताईची विहीर आता त्या यादीत आहे. मी टेपला खडू लावला, टेप सोडली, वर ओढली. आठ मीटर चाळीस, गेल्या महिन्याइतकेच. नोंदवहीत पातळीनंतर खडकाचा रकाना येतो. ती नोंदवही कपाटात जाते आणि कुणीही वाचत नाही. मी पेन उघडले, नकाशावरचा शब्द लिहू लागलो, आणि 'ता' वरच थांबलो. तो खोडला. हळूच, कागद फाटू नये असा. पुढे लिहिले, 'लोहयुक्त'.

"कसला विचार करतोस एवढा?" ताई दारातून ओरडली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फेस होता. "आवर लवकर, मोटर लावायचीय."